मुका बोर्ड बोलता करताना : एम्बेडेड कंट्रोलरची चाचणीसाठी मांडणी आणि पहिले बूट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या टेबलावर नवा कंट्रोलर बोर्ड आला, की भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी 'चालतोय का?' असे विचारतेच. या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. दिवा लागला एवढ्यावरून बोर्ड चालतो असे म्हणता येत नाही, आणि स्क्रीन काळी राहिली एवढ्यावरून तो गेला असेही ठरत नाही. चाचणी करणाऱ्याने 'बोर्ड कुठपर्यंत पोहोचला?' असे विचारावे. वीज मिळाल्यापासून लॉगिनची ओळ दिसेपर्यंत, म्हणजे बूट पूर्ण होईपर्यंत, अशा कंट्रोलरमध्ये चार-पाच प्रोग्रॅम एकामागून एक सूत्रे हाती घेतात, आणि जिथे साखळी तुटते तिथे बहुतेक वेळा ओळखता येईल अशी खूण उरते. या लेखात ती खूण वाचण्याच्या दृष्टीने मांडणी कशी करावी, ते सांगितले आहे.

उदाहरणासाठी बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घेतला आहे. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५८ ही चिप, ५१२ मेगाबाइट डीडीआर३ मेमरी आणि नंतरच्या आवृत्तीत ४ गिगाबाइट ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण चिप) आहे. त्याचे सर्किट खुले असल्यामुळे त्यावरून स्वतःचे बोर्ड बनवणारे अनेक आहेत, आणि त्यामुळे एकाच बोर्डाचा अभ्यास पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो. आमच्याकडचा कंट्रोलर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या सँड प्लँटसाठी (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागासाठी) होता. हॉपरची पातळी वाचणे, वाळूचे तापमान मोजणे आणि रिलेमार्फत कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) ओढणे एवढेच त्याचे काम होते. काम साधे असले, तरी वाळूच्या धुरळ्यात, फर्नेसशेजारी लॅपटॉप उघडून दोष शोधण्याची वेळ येऊ नये म्हणून टेबलावरची चाचणी कसून करावी लागते.

टेबल आणि वीज

टेबलावर रबरी मॅट किंवा निदान कोरडा प्लायवूड असावा. शेजारी लेथ चालत असेल तर बोर्ड ठेवण्यापूर्वी टेबल ओल्या फडक्याने पुसून वाळवावे, कारण लोखंडाचा बारीक कीस हवेतून आणि हाताला चिकटून येतो आणि दोन पिनांच्या मध्ये अडकला की डोळ्याला दिसतही नाही. झटकण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, कारण तिच्याबरोबर पाणी आणि तेलही येते. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की थंड गाडीतून आणलेल्या बोर्डावर दव धरते. असा बोर्ड पिशवीतून काढून तासभर तसाच ठेवावा आणि मगच वीज द्यावी. उलट जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत अंगावरची स्थिर वीज त्रास देते, तेव्हा मनगटपट्टा बांधावा. तो नसेल तर निदान अर्थिंग केलेल्या पॅनेलच्या उघड्या धातूला हात लावून मग बोर्ड उचलावा.

या बोर्डाला ५ व्होल्ट डीसी लागतात. बॅरल जॅक ५.५ मिलिमीटर बाहेरच्या आणि २.१ मिलिमीटर आतल्या व्यासाचा असून मधला टोक धन आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या १२ व्होल्ट अडॅप्टरलाही नेमके हेच टोक असते, आणि प्रत्येक वर्कशॉपच्या खणात असे दोन-तीन अडॅप्टर पडलेले असतात. म्हणून कोणताही अडॅप्टर लावण्यापूर्वी मल्टिमीटरने व्होल्टेज आणि ध्रुव दोन्ही मोजावे. अडॅप्टरवरची चिठ्ठी वाचली, एवढ्यावर भागवू नये. आमच्या टेबलावरच्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरांना आम्ही पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली आहे. ही सवय एक बोर्ड घालवल्यानंतर लागली.

शक्य असेल तर पहिले बूट बेंच पॉवर सप्लायवर करावे आणि करंटची मर्यादा १ अँपियर ठेवावी. काहीही जोडलेले नसताना बीगलबोन ब्लॅक बूट होताना साधारण अर्ध्या अँपियरच्या आत राहतो. सप्लायचा आकडा थेट मर्यादेला जाऊन चिकटला तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजावे आणि वीज लगेच बंद करावी. याउलट मर्यादा फार कमी ठेवली, तर लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू होताना करंट वाढतो, व्होल्टेज कोसळते, बोर्ड रीसेट होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हे चक्र पाहून नवखा माणूस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. लॅपटॉपच्या यूएसबीवरूनही बोर्ड चालतो, पण साध्या पोर्टची हमी ५०० मिलिअँपियरपर्यंतच असते, म्हणून चाचणीसाठी तो मार्ग मला पसंत नाही.

वीज दिल्यावर पी९ हेडरवर (बोर्डाच्या कडेच्या पिनांच्या ओळीवर) तीन मापे घ्यावीत. पिन १ आणि २ ग्राउंड आहेत, ३ आणि ४ वर ३.३ व्होल्ट, तर ५ आणि ६ वर बॅरल जॅकमधून आलेले ५ व्होल्ट मिळायला हवेत. ५ व्होल्ट आहेत आणि ३.३ नाहीत, असे दिसले तर बहुधा पॉवर मॅनेजमेंट चिप सुरू झालेली नाही, आणि पुढचे काही तपासण्यात अर्थ नाही.

सीरियल केबल : सगळ्यात आधी हीच

पहिल्या दिवशी बोर्डाला डिस्प्ले, नेटवर्क, रिले कार्ड यांपैकी काहीही जोडू नये. जोडायची ती फक्त वीज आणि सीरियल कन्सोलची, म्हणजे बोर्डाचे मजकुरातले बोलणे लॅपटॉपवर आणणारी, केबल. एचडीएमआयवर चित्र येण्यासाठी कर्नल आणि ड्रायव्हर सुरू व्हावे लागतात, नेटवर्कसाठी त्याहून पुढे जावे लागते. सीरियल पोर्ट मात्र चिपच्या आत कायमच्या कोरलेल्या पहिल्या प्रोग्रॅमलाही वापरता येतो. त्यामुळे बोर्ड अगदी पहिल्या पायरीवर अडला, तरी तो इथे बोलू शकतो.

बोर्डावर जे१ नावाचा सहा पिनांचा हेडर आहे आणि पिन १ पाशी पांढरा ठिपका आहे. पिन १ ग्राउंड, पिन ४ वर बोर्ड ऐकतो आणि पिन ५ वर बोर्ड बोलतो. केबलची टीएक्स (पाठवणारी) तार बोर्डाच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पिनला) आणि केबलची आरएक्स बोर्डाच्या टीएक्सला जाते. हे प्रत्येकाला माहीत असते आणि तरीही प्रत्येक जण एकदा तरी सरळ जोडतोच. सुदैवाने ही चूक जीवघेणी नसते. अक्षरे दिसत नाहीत, एवढेच होते.

जीवघेणी चूक व्होल्टेजची आहे. केबल ३.३ व्होल्ट पातळीची हवी. एफटीडीआय कंपनीच्या ३.३ व्होल्टच्या केबलचे सहा पिनांचे टोक जे१ वर काळी तार पिन १ कडे ठेवून सरळ बसते. त्यात काळी ग्राउंड, नारिंगी टीएक्स आणि पिवळी आरएक्स असते. शाहूपुरी-राजारामपुरी भागातल्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त केबलींमध्ये रंग वेगळे असतात, तेव्हा रंगावर विसंबू नये. ओळखण्याची सोपी रीत अशी : केबल लॅपटॉपला लावावी, बोर्डाला लावू नये, आणि मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडवर ठेवून बाकीच्या तारा मोजाव्यात. काही पाठवले जात नसताना सीरियलची टीएक्स तार वरच्या पातळीवर असते, म्हणून जिच्यावर जवळपास ३.३ व्होल्ट दिसतात ती टीएक्स असण्याची शक्यता असते. त्याच जागी ५ व्होल्ट दिसले तर ती केबल बाजूला ठेवावी. केबलमधली ५ व्होल्टची लाल तार बोर्डाला जोडायचीच नाही. सुटी जंपर वायर असेल तर तिच्या टोकाला टेप लावून ती बांधून टाकावी.

स्वतः बनवलेल्या बोर्डाबद्दल आणखी एक सांगायला हवे. मूळ बीगलबोन ब्लॅकवर सीरियल हेडर आणि चिप यांच्यामध्ये एक बफर आहे. बोर्डाची वीज बंद असताना लॅपटॉपकडून येणारे ३.३ व्होल्ट चिपमध्ये शिरू नयेत, यासाठी तो दिलेला आहे. खर्च वाचवताना पहिला बळी बहुधा या बफरचा जातो. तो नसेल, तर आधी बोर्डाला वीज द्यावी आणि मग केबल लावावी. अन्यथा चिप अर्धवट जागी राहते आणि पुढचे बूट विचित्र वागते.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर केबल लावल्यावर कर्नलच्या नोंदींमध्ये टीटीवाय-यूएसबी-शून्य असे नाव दिसते. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा क्रमांक दिसतो. लिनक्सवर 'परवानगी नाही' असा संदेश आला, तर उबंटू-डेबियनमध्ये आपले नाव 'डायलआउट' या गटात घालावे आणि एकदा लॉगआउट होऊन परत यावे. टर्मिनल प्रोग्रॅम म्हणून पिकोकॉम, मिनिकॉम किंवा पुट्टी यांपैकी कोणताही चालतो. वेग ११५२००, डेटा ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल (पाठवण्याआधी समोरच्याची तयारी विचारण्याची सोय) पूर्ण बंद. यातली शेवटची गोष्ट मिनिकॉम वापरणाऱ्यांनी मुद्दाम तपासावी. त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिले तर बोर्डाचे बोलणे दिसते पण आपण दाबलेली एकही कळ पोहोचत नाही, आणि दोष आरएक्स तारेचा आहे असे वाटून माणूस सोल्डरिंग गन उचलतो.

टर्मिनल उघडताच त्यातील लॉग फाइलची सोय सुरू करावी, आणि हे काम वीज देण्याआधी करावे. स्क्रीनवरून सरकून गेलेली ओळ नंतर आठवून सांगता येत नाही. बोर्डावर घड्याळासाठी बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की त्याची तारीख हरवते. म्हणून प्रत्येक ओळीवर वेळेचा शिक्का लॅपटॉपच्या बाजूनेच मारून घ्यावा.

कार्ड तयार करणे

पहिल्या बूटसाठी मायक्रोएसडी कार्ड वापरावे, ईएमएमसीला हात लावू नये. कार्ड बिघडले तर दुसरे लिहिता येते. डाउनलोड केलेल्या इमेजचा (कार्डावर जशीच्या तशी लिहायच्या फाइलचा) एसएचए२५६ बेरीज-आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवावा. अर्धवट उतरलेली फाइल कार्डावर निमूटपणे लिहिली जाते आणि दोष मात्र तिसऱ्या पायरीवर उमटतो. लिहिण्यासाठी बलेनाएचर हा चित्रमय प्रोग्रॅम सुरक्षित आहे. लिनक्सवरची 'डीडी' ही आज्ञा वापरणाऱ्याने कार्ड लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर 'एलएसबीएलके'ची यादी पाहावी आणि नव्याने दिसलेले नावच लिहावे. ती आज्ञा काहीही न विचारता स्वतःच्या लॅपटॉपची डिस्कही पुसते.

बूट : कोण कोणाला उठवते

एएम३३५८ ला वीज मिळाली की चिपच्या आतला रॉम प्रोग्रॅम सुरू होतो. हा कारखान्यातच कोरलेला असतो आणि बदलता येत नाही. तो सर्वप्रथम १६ पिनांची पातळी वाचतो आणि त्यावरून बूट कुठून करायचे याचा क्रम ठरवतो. या बोर्डावर नेहमीचा क्रम आधी ईएमएमसी, मग मायक्रोएसडी, मग सीरियल आणि शेवटी यूएसबी असा आहे. कार्डाच्या खाचेजवळचे एस२ बटण दाबून धरून वीज दिली तर क्रम एसपीआय, मायक्रोएसडी, यूएसबी आणि सीरियल असा बदलतो. इथे अनेक जण फसतात : पिनांची पातळी फक्त वीज येण्याच्या क्षणी वाचली जाते. एस२ दाबून रीसेटचे बटण दाबले तर काहीही बदलत नाही. बॅरल जॅक काढून, एस२ दाबून, जॅक परत लावावा लागतो.

रॉम प्रोग्रॅमला डीडीआर मेमरी वापरता येत नाही, कारण ती अजून सुरूच केलेली नसते. तो एमएलओ नावाचा छोटा प्रोग्रॅम चिपच्या आतल्या मेमरीत आणतो. त्याचा आकार जास्तीत जास्त १०९ किलोबाइट असू शकतो. एमएलओ डीडीआर सुरू करतो आणि यू-बूट या मोठ्या बूटलोडरला आणतो. यू-बूट कर्नल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणते हार्डवेअर कुठे आहे याची यादी) मेमरीत ठेवून कर्नलला सूत्रे देतो, आणि कर्नल रूट फाइल सिस्टिम (सगळ्या प्रोग्रॅमांचा मुख्य विभाग) जोडून उरलेली व्यवस्था उभी करतो.

आता खुणा पाहू. कन्सोलवर दर काही सेकंदांनी इंग्रजी 'सी' हे एकच अक्षर येत राहिले, तर चिप जिवंत आहे, वीज ठीक आहे आणि केबलही बरोबर आहे. रॉमला कुठेच एमएलओ सापडला नाही, म्हणून तो एक्समोडेम पद्धतीने सीरियलवरून फाइल मागत आहे. ही अक्षरे पाहून घाबरणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र नव्या बोर्डावर ती दिसली की बरे वाटते, कारण हार्डवेअरबद्दलच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. कार्ड नीट बसले आहे का आणि एमएलओ योग्य जागी आहे का, एवढेच मग पाहायचे. तो फॅट विभागात फाइल म्हणून असू शकतो किंवा कार्डाच्या सुरुवातीपासून १२८ किलोबाइटवर थेट लिहिलेला असू शकतो. दुसऱ्या पद्धतीत यू-बूट ३८४ किलोबाइटवर ठेवण्याची प्रथा आहे.

एमएलओची एक ओळ आली आणि सारे थांबले, तर संशय डीडीआरवर जातो आणि स्वतः बनवलेल्या बोर्डावर तो बहुधा खराही असतो. पण त्याआधी एक स्वस्त कारण तपासावे. मूळ बोर्डावर ओळखपत्रासारखी एक ईईप्रॉम चिप आहे आणि तिच्यात 'ए३३५बीएनएलटी' अशी आठ अक्षरी ओळख लिहिलेली असते. एमएलओ ती वाचून मेमरीची वेळ-गणिते निवडतो. सर्किटची नक्कल करून बनवलेल्या बोर्डावर ही चिप कोरीच बसवली जाते, एमएलओला बोर्ड ओळखता येत नाही आणि तो थांबतो. आम्ही याच कारणासाठी दोन दिवस मेमरीच्या सोल्डरिंगकडे भिंगातून पाहत बसलो होतो. ईईप्रॉम लिहिली आणि बोर्ड पहिल्या प्रयत्नात पुढे गेला.

पहिल्या ओळीतील यू-बूटची तारीख नेहमी वाचावी. एस२ दाबायचे राहिले तर ईएमएमसीतला जुना यू-बूट सुरू होतो, आणि तोच पुढे जाऊन नव्या कार्डावरचा कर्नल उचलतो. मग जुना बूटलोडर आणि नवा कर्नल अशी जोडी जमते आणि डिव्हाइस ट्री जुळत नाही. कार्ड नवे, इमेज ताजी, तरी वागणे जुने, असे दिसले की तारीख पाहावी.

त्यानंतर डीडीआरची ओळ येते. तिथे ५१२ मेगाबाइट दिसले पाहिजेत. आपोआप बूटची उलटी गणती चालू असताना स्क्रीनवर सांगितलेली कळ, बहुधा स्पेस बार, दाबली की यू-बूटची ओळ हाती येते. इथे घाईने पुढे न जाता 'प्रिंटएन्व्ह' ही आज्ञा देऊन सगळी चले (यू-बूटच्या सेटिंग्ज) लॉगमध्ये उतरवून घ्यावीत. पुढे काही बदलले आणि बिघडले, तर मूळ काय होते हे सांगणारा तोच एक कागद असतो.

रोज कर्नल बदलून पाहायचा असेल तर कार्ड काढण्या-घालण्यापेक्षा नेटवर्कवरून बूट करणे सोयीचे. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल देणारा साधा प्रोग्रॅम) चालवावा, यू-बूटमध्ये बोर्डाचा आणि सर्व्हरचा पत्ता घालावा आणि दोघांना एका साध्या स्विचवर जोडावे. ऑफिसच्या वाय-फाय राउटरवर हे प्रयोग करू नयेत. फाइल येत असताना स्क्रीनवर # ही चिन्हे एकामागून एक उमटतात. त्याऐवजी इंग्रजी 'टी' हे अक्षर येऊ लागले, तर वेळ संपूनही उत्तर आलेले नाही असा अर्थ. बहुतेक वेळा लॅपटॉपच्या फायरवॉलने यूडीपीचा ६९ क्रमांकाचा पोर्ट अडवलेला असतो. तो उघडूनही भागले नाही, तर टीएफटीपी सर्व्हर उत्तर ६९ वरून देत नाही, दुसऱ्याच पोर्टवरून देतो, हे लक्षात घेऊन त्या प्रोग्रॅमलाच परवानगी द्यावी.

'कर्नल सुरू होत आहे' या अर्थाची ओळ आल्यावर शांतता पसरली, तर कर्नल मेला असे लगेच समजू नये. पुष्कळदा तो व्यवस्थित चालू असतो आणि भलत्याच दारावर बोलत असतो. जुन्या कर्नलमध्ये या चिपच्या सीरियल पोर्टचे नाव टीटीवाय-ओ-शून्य होते, नव्यात ते टीटीवाय-एस-शून्य झाले. बूटच्या सूचनांमधले कन्सोलचे नाव आणि वेग तपासावा. तेही बरोबर असेल तर 'अर्लीकॉन' हा शब्द सूचनांमध्ये घालावा, म्हणजे मुख्य ड्रायव्हर येण्यापूर्वीचे बोलणेही ऐकू येते. बोर्डावरचा पहिला निळा दिवा हृदयाच्या ठोक्यासारखा दोनदा लुकलुकत असेल तर कर्नल जिवंत आहे, हा आणखी एक पुरावा.

शेवटचा नेहमीचा अडथळा म्हणजे रूट फाइल सिस्टिम न सापडणे. कार्ड खाचेत असताना आणि नसताना ईएमएमसीला मिळणारा क्रमांक काही कर्नलमध्ये बदलतो. म्हणून टेबलावर कार्डासह चालणारी मांडणी कार्ड काढताच कोसळते. विभागाचा क्रमांक न लिहिता त्याचा यूयूआयडी (न बदलणारी ओळख) लिहिला की हा प्रश्न उरत नाही.

बाहेरची जोडणी

लॉगिन झाले, लॉग फाइल जपून ठेवली, की मगच सेन्सर आणि रिले यांच्याकडे वळावे. या चिपच्या डिजिटल पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सहन होत नाही आणि अॅनालॉग पिनांना तर १.८ व्होल्टच. फौंड्रीतला सेन्सर २४ व्होल्टचा असतो, तेव्हा मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून प्रकाशाने संकेत पोहोचवणारा भाग) हवाच. त्याहून कमी माहीत असलेला नियम असा, की बोर्डाची वीज चालू होण्याआधी कोणत्याही पिनवर बाहेरून व्होल्टेज देऊ नये. पॅनेलमध्ये सेन्सरचा सप्लाय वेगळा असेल, तर बोर्डाची ३.३ व्होल्टची लाइन आल्यावरच इनपुट जोडले जातील अशी रचना करावी. लॅपटॉप चार्जरवर ठेवून चालू पॅनेलमधल्या बोर्डाला सीरियल केबल लावू नये. बॅटरीवर चालवावा आणि आधी ग्राउंड जोडावे.

बूटचा क्रम ठरवणाऱ्या त्या १६ पिना पी८ हेडरच्या ३१ ते ४६ या जागांवर बाहेर आलेल्या आहेत, ही गोष्ट मी कधीही विसरणार नाही. आमचा कंट्रोलर टेबलावर शंभरदा चालला, आणि शिरोलीत पॅनेलमध्ये बसवल्यावर कधी चालू व्हायचा, कधी नाही. फौंड्रीतल्या ऑपरेटरने दुसऱ्या दिवशी सहज सांगितले, "साहेब, हॉपर भरलेला असला की ह्यो सुरू व्हत न्हाई बघा." आम्ही हसलो, आणि मग सर्किट उघडले. हॉपरच्या लेव्हल स्विचचा ऑप्टो पी८ च्या ४३ व्या पिनला जोडलेला होता. एस२ बटणही नेमक्या त्याच पिनला ग्राउंडकडे ओढते. हॉपर भरलेला असताना ऑप्टो पिन खाली ओढायचा, आणि रॉमच्या दृष्टीने कोणीतरी बूटचे बटण दाबून धरलेले असायचे. कार्ड खाचेत नव्हते, ईएमएमसी त्या क्रमात नव्हती, त्यामुळे बोर्ड 'सी' अक्षरे पाठवत बसायचा आणि पॅनेलमध्ये ती वाचायला कोणी नव्हते. इनपुट पी९ हेडरवर हलवले आणि प्रकरण मिटले. तेव्हापासून पी८ च्या ३१ ते ४६ या पिना इनपुटसाठी वापरायच्या नाहीत, असा नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे. वापराव्याच लागल्या तर बूटच्या क्षणी त्यांच्यावर बाहेरचे काहीही येणार नाही असा बफर मध्ये घालावा.

पुन्हा पुन्हा बूट

एकदा बूट झाले म्हणजे बूटची चाचणी झाली असे आम्ही मानत नाही. टेबलावर एका टायमर रिलेने बोर्डाचे ५ व्होल्ट तोडावेत आणि जोडावेत : दीड मिनिट चालू, दहा सेकंद बंद, असे रात्रभर. सकाळी लॉगमध्ये लॉगिनच्या ओळी मोजाव्यात आणि टायमरच्या फेऱ्यांशी जुळवाव्यात. एक जरी कमी भरली, तरी ती कोणत्या पायरीवर अडली हे लॉग सांगतो. बंदचा काळही बदलून पाहावा. दहा सेकंदांत कपॅसिटर पूर्ण रिकामे होतात, पण अर्ध्या सेकंदाच्या खंडात व्होल्टेज अर्ध्यावर येऊन परत चढते आणि काही चिपा नीट रीसेट होत नाहीत. मोठी मोटर सुरू होताना किंवा फर्नेस भार घेताना कारखान्यात वीज अशीच क्षणभर वाकते, म्हणून ही छोट्या खंडाची चाचणी मला रात्रभराच्या चाचणीइतकीच महत्त्वाची वाटते.

अशा तोडजोडीत फाइल सिस्टिम खराब होते. ईएमएमसी किंवा कार्ड लिहीत असताना वीज गेली तर पुढचे बूट दुरुस्तीत अडकते किंवा होतच नाही. हाताळताना बोर्ड नेहमी पॉवर बटणाने किंवा आज्ञेने बंद करावा, जॅक ओढून बंद करू नये. साइटवर मात्र वीज विचारून जात नाही. म्हणून रूट फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी जोडावी आणि नोंदी वेगळ्या विभागात लिहाव्यात. ही मांडणी करूनच रात्रभराची चाचणी पुन्हा घ्यावी. आधीचा निकाल तिला लागू होत नाही.

पॅनेल रवाना करताना दाराच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर सीरियलचा वेग, जे१ च्या तीन पिनांची खूण, यू-बूटची तारीख आणि शेवटच्या चाचणीच्या लॉग फाइलचे नाव लिहावे. चाचणीत चाललेले मायक्रोएसडी कार्ड छोट्या प्लॅस्टिक पिशवीत घालून त्याच चिठ्ठीखाली टेपने लावून ठेवावे, म्हणजे ईएमएमसी रुसली तर एस२ दाबून त्याच कार्डावरून बोर्ड उठवता येतो.